नुसतं उभं राहायचं

३ फेब्रुवारी

भावजी,

सुरुवात कशी करावी यातच सकाळ गेली. आशीर्वाद लिहावा तर तुम्ही वयाने माझ्याहून मोठे. नमस्कार लिहावा तर नात्याने मी मोठी. तेव्हा दोन्हींतलं सोयीचं वाटेल ते घ्या, पण पत्र न वाचता फाडू नका.

फोन तुम्ही उचलत नाही. परवा निरोप आला तो एवढाच: "दादाला सांगा, मला भाऊ नाही." फोन तेव्हा माझ्या हातात होता. मी वाचलं आणि पुसून टाकलं. यांना म्हटलं, धाकट्याची तब्येत बरी आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्हा दोघांची भांडणं सोडवतेय, पण निरोप गिळायची वेळ पहिल्यांदाच आली.

म्हणजे तुम्हाला कळलंच आहे. तुमचे दादा निवडणुकीला उभे राहिले आहेत.

तुम्ही का चिडलात ते मला समजतं. संसद पुन्हा एकदा बरखास्त झाली, चौकात चिलखती गाडी येऊन उभी राहिली, तुमच्या बाजूच्या झाडून सगळ्या पक्षांनी बहिष्कार टाकला. आणि आपल्या मतदारसंघात सरकारी उमेदवारासमोर नाव कुणाचं, तर अपक्ष, गुरांचे डॉक्टर! ज्या माणसाने कधी शाळेच्या पालक सभेतही तोंड उघडलं नाही, तो म्हणे संसदेत जाणार. तुमच्या मित्रांनी तिकडे तुम्हाला काय काय ऐकवलं असेल याची मला कल्पना आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही तसाच निरोप धाडला असता, जरा बऱ्या भाषेत.

का उभे राहिले, ते मला विचारू नका. माणसाचं डोकं फिरतं कधी कधी, असं समजा.

अर्ज भरायला मीच बरोबर गेले होते. तिथल्या कारकुनाने निशाण्यांचा तक्ता पुढे केला. चांगल्या निशाण्या पक्षांच्या नावाने राखीव, पक्ष बहिष्कारावर, तरी त्या द्यायच्या नाहीत असा नियम. उरल्या होत्या कात्री, कंगवा आणि बादली. हे म्हणाले, "बादली द्या. गाय अडली की मी आधी तीच मागतो." कारकून हसला. त्या इमारतीत बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं, कारण लगेच दोघांनी मागे वळून पाहिलं.

बाकी घर जसंच्या तसं. खाली दवाखाना, वर आम्ही. मी औषधांच्या खिडकीवर बसते. दिवे जातात, येतात. बाबा ठीक आहेत. फिरायला जाणं जरा कमी केलंय, एवढंच.

टपालावर माझा भरवसा राहिला नाही. पाकिटं उघडून पुन्हा चिकटवलेली येतात, आणि त्या लोकांना धड चिकटवताही येत नाही. म्हणून आपल्या गल्लीतल्या नर्सच्या पिशवीतून हे पत्र पाठवतेय. ती तुमच्याच इस्पितळात कामाला आहे. तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर बसता, ती वरच्या वॉर्डात असते. दर दहा-पंधरा दिवसांनी सीमा ओलांडून घरी येते. उत्तर तिच्याजवळ द्या. शिव्या असल्या तरी चालतील.

तुमची वहिनी


१८ फेब्रुवारी

भावजी,

नर्स रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "पत्र घेतलं त्यांनी. खिशात ठेवलं. पुढे काही बोलले नाहीत." खिशात ठेवलं, फेकलं नाही, यावर मी समाधान मानून घेतलं.

या खेपेला लिहिण्यासारखं घडलंय. दादांची पहिली सभा झाली.

सभा म्हणजे सगळं आयतंच होतं. नाट्यगृहाचा हॉल, ध्वनिक्षेपक, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, इतकंच काय, भाषणसुद्धा टाइप होऊन घरी आलं होतं. कुणी पाठवलं, ते पुढे कधीतरी. भाषण छान होतं. त्यात देश होता, प्रगती होती, शिस्त होती आणि 'लोकशाहीचा उत्सव' दोनदा होता. फक्त त्यात कशाचाही अर्थ म्हणून नव्हता.

बाबा हट्टाने आले. त्यांचं उभं आयुष्य त्याच नाट्यगृहात विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवण्यात गेलं. पहिल्या रांगेत बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. दादा पहिल्याच पानावर अडखळले. तीच ओळ पुन्हा वाचली. आणि बाबांच्या तोंडून सवयीने निघालं, "पुढे, पुढे… बंधूंनो आणि भगिनींनो…" त्यांची ती कुजबूज तुम्हाला ठाऊक आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जाते. सगळा हॉल हसला. दादाही हसले, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. हसल्यावर माणूस सैल होतो.

मागून एक बाई उठली. नदीपलीकडे मोठा गोठा आहे तिचा. आम्ही तिला गोठेवालीच म्हणतो. म्हणाली, "डॉक्टर, ते उत्सवाचं राहू द्या. लाळ-खुरकुताची लस कुठाय? माझ्या गाईंच्या तोंडाला फोड आलेत, दूध घ्यायला कुणी तयार नाही. तुम्ही म्हणालात येईल, येईल. कधी येईल?"

भाषणात याचं उत्तर नव्हतं. दादांनी कागद उलटा करून पाहिला, मागेही नव्हतं. मग कागद खाली ठेवला.

"लस आली होती," ते म्हणाले. "राजधानीतून निघाली होती. पण लस थंड ठेवणारी जिल्ह्याची एकच गाडी आहे, आणि ती गाडी महिनाभर सरकारी सभांना पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला फिरतेय. लस स्टेशनावर पडून नासली. मी स्वतः जाऊन पाहिली. पाहिलं आणि गप्प बसलो. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

भावजी, एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, मूठ उगारली नाही. गाईला ताप किती आहे ते सांगतात, त्याच सुरात सांगितलं. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. क्षणभराने एक म्हातारा उठला आणि त्याने विचारलं की शाळेतले मास्तर कुठे गेले. मग दुसरा उठला. मग कुणी बसायलाच तयार होईना. छायाचित्रकाराने कॅमेरा झाकून पिशवीत ठेवला.

घरी येताना बाबा म्हणाले, "पाठांतर कच्चं आहे, पण गडी रंगमंचाला घाबरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मऊसाहेब चहाला आले. सत्ताधारी पक्षाचे जिल्हा सचिव ते. आवाज असा की लोण्यावरून सुरी फिरावी, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. ते मला वहिनी म्हणतात. तुमचं नातं त्यांनी चोरून घेतलंय. चहा घेतला, तुमची चौकशी केली आणि गेले. त्यांनी तुमची चौकशी का करावी, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मलाही अजून सगळं लिहायचा धीर होत नाही.

वहिनी


४ मार्च

भावजी,

आता सांगते. दादांना दिलेला शब्द मोडतेय, आणि तो मोडताना मला अजिबात अपराधी वाटत नाहीये, याचंच नवल वाटतं.

जानेवारीत मऊसाहेब दवाखान्यात आले होते. त्यांच्याकडे कुठलंही जनावर नव्हतं, तरी ओळीत बसून राहिले. नंबर लागल्यावर आत गेले. मी बाजूलाच सुया उकळत होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. म्हणाले, "बाहेरच्या देशांतून निरीक्षक येणार आहेत. मतपत्रिकेवर एकच नाव बरं दिसत नाही हो, डॉक्टर. तुमच्यासारखा भला माणूस समोर असला की निवडणूक कशी भरल्यासारखी दिसेल. तुम्ही काही करायचं नाही. प्रचार नको, बोलणं नको. नुसतं उभं राहायचं."

दादा म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही दुसरा कुणी बघा."

मग मऊसाहेब तुमच्यावर आले. तुम्ही कॉलेजात शिकवत होतात ते दिवस, चौकातलं तुमचं भाषण, त्या संध्याकाळी जळालेली पोलिसांची गाडी. तुम्ही ती जाळली नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. तसं ते म्हणालेसुद्धा. "निवडणूक झाली की धाकट्यावरचा खटला मागे. मी शब्द देतो. येऊ दे की त्याला घरी. वडिलांचं वय झालं."

वडिलांचं वय झालं, हे मऊसाहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांच्या हृदयाचं मी तुम्हाला कळवलं नव्हतं, ते आता कळवते. एक झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रिया या वयात झेपणार नाही म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी हात वर केले. गोळ्या आहेत. गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं काढतात, आणि कधी कधी काढतही नाहीत. बाबा तुमचं नाव काढत नाहीत, पण दारावर थाप पडली की प्रत्येक वेळी आधी केसांवरून हात फिरवतात.

मऊसाहेब गेल्यावर दादा बराच वेळ हात धूत उभे होते. त्या दिवशी त्यांनी कुठल्या जनावराला हातही लावला नव्हता. मला म्हणाले, "धाकट्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो तिथूनच नाही म्हणेल, आणि त्याचं नाही ऐकायची मला ताकद नाही."

तर ज्या भावाला तुम्ही भाऊ म्हणायला तयार नाही, तो तुमच्यासाठी उभा राहिला आहे.

हे आज लिहायचं कारण असं, की त्या लसीच्या भाषणानंतर सौदा राहिलेला नाही. लोक दवाखान्यात येतात ते जनावर घेऊन, आणि जाता जाता माणसांचं सांगतात. कुणाचा मुलगा उचलून नेलाय, कुणाच्या विहिरीवर पहारा बसलाय. दादा ऐकतात आणि पुढच्या सभेत जसंच्या तसं सांगतात. तीन सभा झाल्या. काल मऊसाहेब पुन्हा आले, आणि या वेळी त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "डॉक्टर, एक तर बोला, नाहीतर भावाला आणा. दोन्ही नाही व्हायचं."

दादांनी मला काही विचारलं नाही. जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "आयुष्यभर मुक्या जनावरांचं ऐकलं. माणसं बोलायला लागली, तर आता कान कसे बंद करू?" आणि थोड्या वेळाने, "पण बाबा…"

म्हणून मी तुम्हाला विचारतेय. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यालाच विचारायचं नाही, हे मला पटत नाही. तुम्ही काय सांगाल याची मला जवळजवळ खात्री आहे. तुमची भाषणं मी ऐकली आहेत. तरीपण तुमच्या हातचं लिहिलेलं हवं. नर्स परत येईल तेव्हा मतदानाला थोडेच दिवस उरलेले असतील.

वहिनी


१६ मार्च

भावजी,

उत्तर मिळालं. पाकीट हातात आलं तेव्हा वजनावरूनच कळलं की एकच कागद आहे.

तुम्ही लिहिलंत: "वहिनी, इथे मी सगळ्यांना सांगत असतो की बहिष्कारच बरोबर, तडजोड नाही. पण तुम्ही मला एकट्याला विचारलंत म्हणून खरं लिहितो. मला घरी यायचंय. दादाला म्हणावं, थोडे दिवस गप्प बस."

मी खिडकी बंद केली आणि औषधांच्या खोक्यांमध्ये बसून ते पुन्हा वाचलं. खोटं कशाला सांगू, मला दुसरंच उत्तर अपेक्षित होतं. 'बोलू दे त्याला, माझी काळजी करू नका' असं काहीतरी. तुम्ही तसं लिहिलं असतंत तर मी अभिमानाने सगळ्यांना वाचून दाखवलं असतं, आणि मनात कुठेतरी तुम्ही आणखी दूर गेला असतात. या दोन ओळींनी मात्र तुम्ही एकदम जिन्याखालच्या खोलीत राहणारे, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप येणारे आमचे भावजी झालात.

दादांना कागद दिला तेव्हा ते गोठेवालीकडे होते. गाईला फोडांवर औषध लावत होते. हात भरलेले म्हणून मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली, "घे." औषध लावून पुरं केलं. मग म्हणाले, "बरं झालं. खरं लिहिलं त्याने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं."

त्या दिवसापासून ते गप्प आहेत. सभा रद्द. लोक विचारतात तर म्हणतात, "घसा बसलाय." गुरांच्या डॉक्टरचा घसा बसल्याचं कुणाला खरं वाटत नाही.

पण भावजी, त्यांच्या गप्प बसण्याचा उलटाच परिणाम झाला. लोक म्हणायला लागले, डॉक्टरांचं तोंड दाबलंय. परवा सकाळी मी दार उघडलं तर समोरच्या घराच्या पायरीवर बादली उलटी ठेवलेली. शेजारच्या घरीही. दूधवाल्याच्या सायकलला एक, न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक. दुपारपर्यंत आपली गल्ली भांड्यांच्या दुकानासारखी दिसायला लागली.

मऊसाहेब आले. "डॉक्टर, या बादल्या काढायला सांगा."

दादांनी घशाकडे बोट दाखवलं. मग मीच म्हटलं, "लोकांनी आपल्या घरच्या बादल्या कुठे ठेवाव्यात, हे आम्ही कसं सांगायचं?"

मऊसाहेब पहिल्यांदा जरा कमी मऊ हसले.

मतदान सहा दिवसांवर आलंय. मतमोजणीला उमेदवाराचा प्रतिनिधी लागतो. दादांनी माझं नाव दिलंय. "तुला आकडे कळतात," म्हणाले. मला दुसरंही काहीतरी कळतं असं त्यांना वाटत असावं.

वहिनी


२७ मार्च

भावजी,

हे पत्र उभ्याने वाचू नका.

मतदान शांततेत झालं. रेडिओ 'शांततेत' म्हणाला, आणि ते खरंच होतं. रांगेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीतून रांगेचं टोक दिसत नव्हतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाली. दादा येणार होते, पण निघता निघता बोलावणं आलं, एका गाईचं पोट फुगलंय. पिशवी उचलून म्हणाले, "प्रतिनिधी तू आहेस. काही विचारायचं झालं तर मला विचारू नकोस. मी भाऊ आहे, यात माझं मत धरायचं नाही." आणि गेले. मला आधी राग आला. नंतर वाटलं, गाय खरोखरच फुगली असेल.

मतपत्रिका टेबलावर ओतल्या. उजवीकडे सरकारी उमेदवाराच्या, डावीकडे आपल्या. मी टेबलाला लागूनच उभी होते. काहींनी शिक्का इतक्या जोरात मारला होता की मागे उमटलेला. एक मतपत्रिका औषधाच्या पुडीसारखी घडी घालून घालून एवढीशी केलेली. मोजणारीला ती नखाने उलगडावी लागली. आत बादली. दुपारपर्यंत डावीकडचे गठ्ठे उजवीकडच्यांना मागे टाकून गेले होते. हे मला कुणी सांगितलं नाही, मी ते पाहिलं. मोजणाऱ्यांनीही पाहिलं, कारण ते एकमेकांकडे बघेनासे झाले.

मग दिवे गेले. भर दुपारची वेळ, खिडक्यांतून हवा तेवढा उजेड येत होता, तरी सुरक्षेसाठी म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. परत आत घेतलं तेव्हा दिवे आले होते आणि डावीकडचे गठ्ठे निम्म्याहून कमी झाले होते.

अधिकाऱ्याने आकडे वाचले. निकालाच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी सही करायची असते, आम्हाला निकाल मान्य आहे अशी. मऊसाहेब मला खिडकीजवळच्या बाकावर घेऊन गेले. खिशातून दुसरा कागद काढला. तुमच्यावरचा खटला मागे घेतल्याचा आदेश होता. शिक्का मारलेला, खाली तारीख तेवढी घालायची राहिलेली. त्यांनी तो माझ्या हातात वाचायला दिला. तुमचं पूर्ण नाव त्यावर बिनचूक लिहिलेलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "एका सहीत दोन्ही कामं होतील. डॉक्टर तसेही हरणारच होते. मग धाकट्याने का हरायचं?"

मी पेन घेतलं. मला सही करायची होती, भावजी, हे माझ्यावर विश्वास ठेवून वाचा. तुमच्या दोन ओळी मला पाठ होत्या. त्या हॉलमध्ये देशाचा विचार मी मुळीच करत नव्हते. तुम्ही दारात उभे आहात आणि बाबा केसांवरून हात फिरवतायत, एवढंच डोळ्यांपुढे होतं. कागदावर पेन टेकवलंसुद्धा.

खिडकीबाहेर पायऱ्यांवर माणसं बसली होती. पुढेच गोठेवाली. तिने मला पाहिलं आणि खालूनच विचारलं, "किती झाली?"

बस, एवढंच. आवाजात संशय नाही, आरोप नाही. दूध किती लिटर झालं असं विचारावं, तसं.

सही करणं सोपं होतं. पण सही करून बाहेर जायचं, त्या पायरीवर उभं राहायचं आणि तिला तो आकडा सांगायचा, ते मला जमणार नव्हतं. याला धैर्य वगैरे म्हणू नका. मला लाज वाटली. धैर्य माझ्यात असतं तर मी दिवे गेले तेव्हाच ओरडले असते.

मी पेन परत दिलं. मऊसाहेब म्हणाले, "वहिनी, नीट विचार करा."

"तोच करतेय," मी म्हटलं, "म्हणून तर एवढा वेळ लागला."

त्यांनी तुमचा आदेश जपून घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही, फाडला असता तर बरं झालं असतं. सहीची जागा कोरी ठेवूनच निकाल जाहीर झाला. बाहेरच्या निरीक्षकांनी त्या कोऱ्या जागेचा फोटो घेतला. पायरीवर येऊन मी गोठेवालीला सांगितलं, "आत जे वाचलं ते खरं नाही. डावीकडे जास्त होती." ती म्हणाली, "ते आम्हाला माहीतच आहे. तुम्ही काय सांगता ते बघायला बसलो होतो."

दादा संध्याकाळी आले. गाय वाचली होती. मी सांगायला लागले तेव्हा ते कोपरापर्यंत साबण लावून नळाखाली उभे होते. सगळं ऐकून "बरं" म्हणाले. मग तसेच उभे राहिले. पाणी वाहत होतं, साबण केव्हाच निघून गेला होता, शेवटी नळ मीच बंद केला. त्यांचा चेहरा ओला होता.

तेव्हा भावजी, तुम्हाला घरी येता येणार नाही, ते दादांमुळे नाही. ते बोलले नाहीत. तुम्ही सांगितलंत तसे शेवटपर्यंत गप्प राहिले. आडवी आले ती मी. निरोप पाठवायचा असेल तर आता माझ्या नावाने पाठवा: मला वहिनी नाही म्हणून. तो मात्र मी पुसणार नाही.

बाबांना आज सकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, छातीवर हात ठेवतील. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्यावर डाफरले. "म्हणजे सगळ्यांना ठाऊक, मऊलाही ठाऊक, आणि ज्याच्यासाठी चाललंय तो म्हातारा विंगेत! मला विचारलं असतंत तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. त्याला इकडे आणता येत नसेल तर मला तिकडे न्या. माझ्यावर कुठे खटला आहे? मी आयुष्यभर कुजबुजलो. कुजबुजण्यावर अजून कायदा झालेला नाही."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय."

"डॉक्टरांनी शस्त्रक्रियाही नको म्हटलंय. मग त्यांना नेमकं काय हवंय?"

याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर कळवा.

वहिनी


२१ एप्रिल

भावजी,

देशाचं तुम्ही रेडिओवर ऐकत असालच. एवढं करूनही कुणाला बहुमत नाही. सरकार सकाळी बनतं आणि संध्याकाळी त्यातलं कुणीतरी रुसतं. आपल्या मतदारसंघाचा निकाल चौकशीत अडकलाय. मऊसाहेब दिसत नाहीत. लसीची गाडी मात्र परत आली. दाराला पोचा आलाय, पण आतली थंडी शाबूत आहे. दादा रोज तिच्यातून फिरतात, आणि त्यांचा घसा एकदम बरा झालाय.

नर्स काल आली. तिने सगळं सांगितलं. तुम्ही पत्र खिडकीवर बसूनच वाचलंत, पुढे रांग खोळंबली तरी. मग खिडकी बंद करून निघून गेलात. त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलला नाहीत, जाता-येता मान फिरवायचात. मला वाटलं, संपलं. पण ती निघताना बसपर्यंत तुम्ही तिच्या मागे आलात आणि एकच विचारलंत, "बाबांना जिने चढवतात का?"

नाही चढवत. पण तुमच्या खोलीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली आणि घाई केली नाही, तर चढतात. मध्ये कुणी धरलेलं त्यांना आवडत नाही. मागून दोन पायऱ्या सोडून चालायचं. वर पोचल्यावर थोडा वेळ बोलवत नाही, तेव्हा घाबरू नका.

गोठेवाली तिची दुधाची गाडी देतेय, ती सीमेवरच्या पुलापर्यंत जाते. पुढे पूल पायी ओलांडायचा. बाबांबरोबर आम्ही दोघंही येतोय. दादांनी कोट काढून ठेवलाय, आणि तुमच्यासाठी काय न्यायचं हे मला रोज विचारतायत.

खुर्च्या चार लागतील. तीन जिन्याच्या वळणांवर आणि एक दादांसाठी, तुम्हाला पाहिल्यावर त्यांना उभं राहता येईल असं मला वाटत नाही.

वहिनी